क्षेत्र मनुष्यरहित

शैलजा बेंडाळे मोरखेड्याला फालकांच्या मळ्यावर पोचली तेव्हा सकाळचा थवा फवारणी आटोपून परतत होता. परातीएवढी चाळीस यंत्रं केळीच्या ओळींमधून एकामागून एक बाहेर आली, शेडमधल्या आपापल्या खणात जाऊन बसली आणि त्यांची पाती थांबली. बांधावर बसलेल्या अकरा बायकांपैकी कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष फाटकाजवळच्या खांबाकडे होतं. अर्ध्या तासाने खांबावरचा लाल दिवा हिरवा झाला, तशा त्या उठल्या. फोन आणि डबे टोपलीत घालून बांधावर ठेवले, विळे घेतले आणि केळीत शिरल्या. दहा पावलांत त्या दिसेनाशा झाल्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी आता रोजची सकाळ अशीच उजाडायची. केळीवर पर्णगुच्छ नावाचा रोग आला होता आणि तो पसरवणारा मावा हा बारीक किडा पोंग्यात, न उलगडलेल्या पानाच्या सुरळीत, आणि पानांच्या बेचक्यात दडून बसायचा. वरून फवारून उपयोग नव्हता. म्हणून ही यंत्रं बागेवरून न उडता बागेच्या आतून, ओळींमधून, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरून जात. औषधाचा कण इतका बारीक करत की तो डोळ्यांना दिसत नसे आणि खालीही पडत नसे. अर्धा तास हवेत तरंगत राही. त्यामुळे औषध दहापट कमी लागायचं. पण तोच कण श्वासातून आत गेला, तर माणूस वाचायची खात्री नव्हती.

अशा शेतीसाठी सरकारने नियम केले होते. पाणी किती, औषध किती, यंत्राचा वेग किती, सगळं एका पुस्तकात होतं. त्या पुस्तकाला 'मानक चाळीस' म्हणत. त्याच्या सहाव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं : 'क्षेत्रात मनुष्य असल्यास थवा उठणार नाही.' राज्य अचूक-शेती मानक कक्षात अकरा वर्षं काम करणाऱ्या शैलजाने हे प्रकरण स्वतः लिहिलं होतं. दर तीन वर्षांनी प्रत्येक मोठी बाग तपासावी लागे. ती त्यासाठीच आली होती.

"सहा वर्षं झाली मॅडम, एक चूक नाही सापडायची," पुंडलिक फालक म्हणाले. साठीचा, सडपातळ माणूस. चाळीस एकराची बाग त्यांनी ओळ न् ओळ पट्टीने आखल्यासारखी राखली होती. "थवा उठायच्या आधी यंत्रं आत डोकावतात, कोणी आहे का बघतात. मगच निघतात. पहिल्या वर्षी तर कुत्रं दिसलं तरी थांबायची."

शैलजा हसली. यंत्रांना साधा कॅमेरा नव्हता. फवाऱ्याने काच धुरकट व्हायची, शिवाय शेतात बायकांची चित्रं टिपली जातात अशा तक्रारी आल्या, तेव्हा मानकाने साध्या कॅमेऱ्यावर बंदीच घातली. त्याऐवजी यंत्रांना उष्णनेत्र बसवलं होतं. वस्तूच्या अंगातून निघणारी ऊब त्याला दिसायची. थंड झाडांमध्ये उबदार माणूस कंदिलासारखा उजळून निघायचा. याला सगळे 'चाहूल' म्हणत.

ती कागदपत्रं आवरत असताना एक बाई बागेतून परत आली आणि शेडच्या दाराशी उभी राहिली. पन्नाशीची, उंच, ओढणी कमरेला खोचलेली. मजूर बायकांची ती मुकादम होती, जमिलाबाई तडवी.

"ते थव्याचे नियम तुम्हीच करता का, मॅडम?"

"मी एकटी नाही. पण करते."

"मग मला एक विचारायचं. बाग रिकामी आहे, हे कोण ठरवतं?"

फालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "जमिलाबाई, तो विषय झाला ना आपला."

"तुमचा झाला भाऊ. माझा नाही झाला." ती शैलजाकडेच बघत होती. "माझी नणंद हमिदा. एकोणीस दिवस झाले. याच बागेत गेली. दुपारची वेळ होती, थवा आला. आम्ही आवाज ऐकला तशा पळालो. ती लांब होती, घड बांधू राहिली होती."

"उष्माघात होता, मॅडम," फालक हळूच म्हणाले. "मी त्या दिवशी गावात नव्हतो. पण डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. सेहेचाळीस होतं तेव्हा."

शैलजाने त्या तारखेची नोंद काढली. दुपारी बारा पन्नास. शेजारच्या गटात माव्याची संख्या वाढल्याने सक्तीची फवारणी. चाहूल घेतली : क्षेत्र मनुष्यरहित. फवारणी पूर्ण.

"बाई, त्या वेळी बागेत कोणीच नव्हतं. असतं तर थवा उठलाच नसता. निदान भोंगा तरी वाजला असता."

"भोंगा नाही वाजला. तेच तर सांगू राहिली. हमिदा धरून आम्ही बारा जणी आत होतो आणि भोंगा नाही वाजला."

भोंग्याचा नियम शैलजाला पाठ होता. आत माणूस दिसला तरच भोंगा वाजवायचा. रिकाम्या बागेसाठी कोण भोंगा वाजवणार?

"तिला हातापायाला पेटके येत होते," जमिलाबाई म्हणाली. "तोंडातून लाळ. डोळे तर असे झाले होते मॅडम, की काळी बाहुली दिसेच ना. टाचणीने टोचल्यासारखा ठिपका फक्त."

शैलजाने नोंदीवरून मान वर केली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिला विषबाधेचं आठवड्याभराचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यातलं बाकी सगळं ती विसरली होती. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं मात्र विसरली नव्हती. उन्हाने तसं होत नाही. या औषधाने होतं.

तिने गाडीतून चाहूल-पाटी आणली. यंत्राच्या नेत्राला जे दिसतं ते या पाटीवर दिसायचं. साडेदहा वाजता ती जमिलाबाईबरोबर केळीत शिरली. पाटीवर केळीची खोडं राखाडी रंगात उभी होती आणि त्यांच्यामध्ये वाकलेल्या, उठणाऱ्या, चालणाऱ्या बायका पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. एकूण एक. शैलजाने सुटकेचा श्वास टाकला.

"दिसतात की सगळ्या."

"आत्ता दिसतील," जमिलाबाई म्हणाली. "ऊन चढू द्या."

शैलजा थांबली. अकरा वाजता हवा एकेचाळीसवर गेली. बारा वाजता चव्वेचाळीस. बागेत वारा नव्हता. घामाने तिचा कुर्ता पाठीला चिकटला. बायकांनी ठिबकच्या नळीखाली ओढण्या आणि साड्यांचे पदर भिजवून डोक्याखांद्यावरून घेतले, या भागात उन्हाळ्यात सगळ्याच घेतात तसे. शैलजा पाटीवरून नजर हलवत नव्हती. आणि मग तिला ते दिसायला लागलं.

पांढऱ्या आकृत्या मळकट होऊ लागल्या होत्या. खोडं उजळत होती आणि माणसं विझत होती. केळीचं खोड म्हणजे पाण्याने भरलेला खांब. सकाळी थंड असतो, दुपारपर्यंत तापत तापत माणसाच्या अंगाएवढा होतो. आणि ओल्या कपड्यातला माणूस निवत निवत खोडाएवढा. साडेबारा वाजता जमिलाबाई तिच्यासमोर चार हातांवर, कमरेवर हात ठेवून उभी होती. पाटीवर त्या जागी एक केळीचं खोड होतं.

"हात हलवा," शैलजा म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

जमिलाबाईने हात हलवला. पाटीवर एखादं पान हलावं तसं काहीतरी हललं.

यंत्रांनी निदान संशय तरी घ्यायला हवा होता. ते का घेत नाहीत, याचं उत्तर शैलजाला माहीत होतं. पहिल्या वर्षी यंत्रं फार थांबायची. खोड दिसलं तरी माणूस समजून थांबायची. बागायतदारांनी ओरड केली, फवारण्या अर्धवट राहू लागल्या, रोग पसरला. तेव्हा तिनेच कलम घातलं : हजार फेऱ्यांत एकाहून अधिक खोटे थांबे चालणार नाहीत. मग यंत्रं शिकली. ओळीत उभं असलेलं, कोमट, फारसं न हलणारं काही दिसलं, की ते खोड समजायचं. नंतर चाहूल-चाचणी झाली ती जानेवारीत, एका मोठ्या हॉलमध्ये, कुंड्यांतल्या केळींमध्ये. तेव्हा तापमान होतं चोवीस. प्रमाणपत्रावर सही होती तिची.

"सगळ्यांना बाहेर काढा," ती म्हणाली. "आत्ता."

जमिलाबाईने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. इकडून तिकडून ओ आली. तेवढ्यात शैलजाचा फोन वाजला. फालक होते.

"मॅडम, बाहेर या! शेजारच्या गटात मावा निघालाय, सक्तीची आली आहे. तीन मिनिटं दाखवतंय. मी लाल बटण दाबून राहिलो, ते ऐकत नाही हो!"

"काय म्हणतंय?"

"क्षेत्र मनुष्यरहित. थांबा नामंजूर."

काही बागायतदार सक्तीची फवारणी चुकवायला उगाच लाल बटण दाबत. म्हणून बटण दाबल्यावर यंत्राने आधी चाहूल घ्यावी, बाग रिकामी असेल तर विनंती फेटाळावी, अशी सोय केली होती. थवा थांबवायला शैलजाने घाईने फोनवर आपला अधिकाऱ्याचा संकेतांक टाकला. बोटं घामाने निसटत होती. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर पडला. उत्तर तेच आलं. क्षेत्र मनुष्यरहित. ती त्या क्षेत्रात उभी होती.

"पळा!" जमिलाबाई ओरडली. "फाटकाकडं पळा गं!"

ओळींमधून बायका धावत आल्या. एकीची चप्पल तुटली होती, एकीच्या हातात विळा तसाच होता. जमिलाबाई प्रत्येकीच्या पाठीवर हात मारून नाव घेत तिला पुढे ढकलत होती. नऊ जणी गेल्या. ती धरून दहा.

"नूर कुठंय? नूरबाई!"

उत्तर आलं नाही. पश्चिमेच्या टोकाला नूरबाई घडांना दोऱ्या बांधत होती. तिथून फाटक अर्ध्या किलोमीटरवर. ती कानाने थोडी कमी ऐकायची.

मग तो आवाज आला. मोठा नव्हता. मधमाश्यांचं पोळं कुठेतरी जवळ आहे असं वाटावं, एवढाच. पण तो एका दिशेने येत नव्हता. डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून, केळीच्या प्रत्येक ओळीतून येत होता. थवा शेडमधून निघून पश्चिमेच्या टोकाला चालला होता. फवारणी तिथून सुरू व्हायची.

शैलजाच्या ओळीत पहिलं यंत्र दिसलं. वीस पावलांवर, तिच्या छातीच्या उंचीवर, स्थिर गतीने येत होतं. तिला पळायला हवं होतं. तिने दोन्ही हात वर केले आणि ती ओरडली, "थांब! थांब!" यंत्राला कान नाहीत हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. यंत्र तीन पावलांवर आलं. काळं नेत्र क्षणभर तिच्यावर रोखलं गेलं. मग यंत्र जरा कललं, तिला वळसा घालून पुढे निघून गेलं. खोडाला घालतं तसा वळसा. पात्यांचा वारा तिच्या गालाला लागला. मागोमाग दुसरं आलं. तेही तसंच गेलं.

आपण मेलो आहोत आणि आपल्यालाच ते कळलेलं नाही, असं काहीसं तिला वाटून गेलं. जमिलाबाईने तिचा दंड धरून गदागदा हलवला.

"मॅडम, हे थांबतं कशानं? कशानं तरी थांबत असंल!"

शैलजा डोळे मिटून पुस्तकाची पानं उलटू लागली. प्रकरण सहा, सात, आठ. नववं. औषध तेलात मिसळलेलं असतं, पेट घेतं. क्षेत्रात आग दिसली तर सगळा थवा ताबडतोब तळावर परत. तिथे कसलीच अट नव्हती. कोणाची परवानगी लागत नव्हती, खरंखोटं तपासायचं नव्हतं.

"आग. आग लावा!"

जमिलाबाईचा हात कमरेच्या चंचीकडे गेला. बिडीसाठी ठेवलेली काडेपेटी तिने काढली आणि ती थांबली. "भाऊंची बाग जाईल, मॅडम."

"पेटवा!"

केळीखाली वाळक्या पानांचा थर होता. मे महिन्यातली पानं, कागदासारखी. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. ज्वाळा इतकी पटकन वर आली की दोघी मागे कोलमडल्या. पश्चिमेकडून फवाऱ्याचा सूं असा आवाज सुरू झालेला शैलजाला ऐकू आला. एक, दोन, तीन असे काही क्षण गेले. मग तो आवाज तुटला. पात्यांची गुणगुण बदलली. चाळीसही यंत्रं जागच्या जागी वळली आणि त्यांच्या अंगावरून, केळीची पानं फाडत, शेडकडे परत निघाली.

जमिलाबाई उलट्या दिशेला धावत सुटली होती.

"थांबा! तिकडे हवेत औषध आहे! अर्धा तास जायचं नाही!"

"अर्ध्या तासात ती मरंल!"

शैलजा भित्री नव्हती, पण शूरही नव्हती. तिने आयुष्यात कधी कोणाला आगीतून वा पाण्यातून काढलं नव्हतं. मागे आग तडतडत होती, ठिबकच्या नळ्या वितळल्याचा वास येत होता, पुढे निव्वळ स्वच्छ, पारदर्शक हवा होती आणि तिला आगीपेक्षा त्या हवेचं भय वाटत होतं. तिने ओढणी ठिबकच्या नळीखाली ओली करून नाकातोंडावर गच्च बांधली आणि ती जमिलाबाईच्या मागे गेली.

नूरबाई गुडघ्यांवर बसली होती. हातातला दोरीचा गुंडाळा सुटला नव्हता. तोंडातून लाळ गळत होती आणि तिचं सगळं अंग बारीक बारीक थरथरत होतं. दोघींनी तिला काखेत धरलं. श्वास कोंडून तीस पावलं, मग एक छोटा श्वास, मग पुन्हा तीस. आगीला वळसा घालून जाताना शैलजाला रस्ता अंधुक दिसू लागला. भर दुपारी कोणी पडदा ओढावा तसा उजेड कमी झाला. धुरामुळे असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

बाग पेटलेली फालकांनी पाहिली होती. त्यांनी पंप सोडायला हवा होता, माणसं बोलवायला हवी होती. त्यांनी टेम्पो फाटकापर्यंत आणून उभा केला होता आणि मागची फळी पाडून ठेवली होती. नूरबाईला चढवताना त्यांनी तिचे डोळे पाहिले. मग त्यांनी जमिलाबाईकडे पाहिलं.

"हमिदापण अशीच?" त्यांनी विचारलं.

जमिलाबाई नूरबाईचं डोकं मांडीवर घेऊन टेम्पोत बसली. फालक गाडीत बसले. तालुक्याच्या गावापर्यंतच्या अठरा किलोमीटरमध्ये त्यांनी एकदाही मागे वळून बागेकडे बघितलं नाही.

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर खैरनार नावाचा तिशीतला वैद्यकीय अधिकारी ड्यूटीवर होता. त्याने गावाचं आणि मळ्याचं नाव संगणकावर टाकलं, थव्याची नोंद वाचली आणि नर्सला सांगितलं, "उष्माघात. बर्फाच्या पिशव्या आणा."

"डॉक्टर, हिच्या डोळ्यातल्या बाहुल्या बघा."

"मॅडम, त्या बागेत त्या वेळी कोणी नव्हतं. इथे स्पष्ट आलंय. औषधाचा संबंधच येत नाही. चुकीचं इंजेक्शन दिलं तर हिचं हृदय बंद पडेल, आणि जबाबदार मी."

"ती नोंद ज्या नियमाने होते तो मी लिहिलाय. नोंद चूक आहे. मी तिथे होते."

तो तिच्याकडे संशयाने बघत राहिला. मग काहीतरी त्याच्या लक्षात आलं. खिशातून छोटी बॅटरी काढून त्याने आधी नूरबाईच्या डोळ्यांवर उजेड टाकला. नंतर उठून शैलजाच्या डोळ्यांवर. तिला तो उजेड अगदी लांबचा वाटला. खैरनारचा चेहरा उतरला. तो औषधांच्या कपाटाकडे धावला आणि ॲट्रोपिनच्या, त्या विषावरच्या उताऱ्याच्या, कुप्या ओंजळीत भरून घेऊन आला.

"तुम्ही पण झोपा," तो म्हणाला. "पलीकडच्या खाटेवर. बाई, तुम्हीपण. लगेच."

नूरबाईच्या छातीतली घरघर अडीच तासांनी कमी झाली. सलाईन लावलेल्या हाताने शैलजाने तेव्हा पुण्याला फोन लावला. कक्षाचे संचालक देवव्रत सरंजामे यांनी तिला शिकवलं होतं, नोकरीलाही त्यांनीच लावलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शैलजा, माझ्यासमोर नोंद आहे. बारा बेचाळीसला क्षेत्र मनुष्यरहित. बारा एकावन्नला आग, कारण अज्ञात. तू तिथे होतीस याचा मानकाला मान्य होईल असा पुरावा काय?"

"मी सांगतेय हा."

"तो पुरावा नाही. तूच तसं लिहिलंयस."

ते खोटं बोलत नव्हते.

"उद्या दुपारी सगळीकडे थवे उठतील, सर. नऊ हजार बागा आहेत. पारा सेहेचाळीसच्या वर आहे. कलम बदलायला किती दिवस लागतील?"

"समिती बसवावी लागेल. तीन महिने."

"मग मी चाहूल-चाचणीवरची माझी सही मागे घेते. आत्ता, या फोनवरून. सही नसली की प्रमाणपत्र रद्द, आणि प्रमाणपत्र नसलं की एकही थवा उठू शकत नाही."

"मावा सुटेल," सरंजामे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "केळी जाईल लोकांची. आणि सही चुकीची होती असं तू स्वतः म्हणालीस, तर त्या हमिदाच्या मरणाचा पहिला गुन्हा तुझ्यावर दाखल होईल. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

फोनच्या पडद्यावर तिने 'सही मागे घ्या' या ओळीवर अंगठा टेकवला. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. आत बागेत होती तेव्हा कोणी असं विचारलं नव्हतं. तिने पुन्हा अंगठा टेकवला.

संध्याकाळी आदेश निघाला. सकाळच्या थव्यांना तात्पुरती परवानगी, दुपारचे सगळे थवे चार दिवस बंद. पुढचं समिती ठरवणार होती.

फालकांची अकरा एकर बाग जळाली होती. ते सकाळी रुग्णालयात आले तेव्हा त्यांच्या हातात भाकरीचा डबा होता, नूरबाईच्या घरून आणलेला. ती शुद्धीवर आली होती. माझ्या दोरीचा गुंडाळा कुठे गेला, हे तिने दोनदा विचारलं. जमिलाबाई तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होती.

डॉक्टर खैरनारने शैलजाला आपल्या खोलीत बोलावलं. तो घरी गेलेला दिसत नव्हता. दाढी वाढलेली, डोळे लाल. टेबलावर मार्चपासूनचं मृत्यूंचं रजिस्टर उघडं होतं. त्याने पेन्सिलीने काही नावांपुढे खुणा केल्या होत्या.

"मी रात्रभर हेच करत होतो," तो म्हणाला. "सक्तीची दुपारची फवारणी मार्चमध्ये सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडे उष्माघाताचे मृत्यू दुपटीने वाढले. मला वाटलं, ऊन वाढलंय. हे सगळे दुपारी साडेबारा ते तीनमध्ये आणलेले. सगळे केळीतून. प्रत्येकाची नोंद मी संगणकावर बघितली होती. प्रत्येक वेळी बाग रिकामी होती." त्याने पेन्सिल रजिस्टरवर ठेवली. "डोळे मी एकाचेही बघितले नाहीत, मॅडम."

शैलजाने नावं वाचायला सुरुवात केली. सातव्या ओळीवर हमिदा तडवी होती. तिच्या वर एक नवराबायको होते, एकाच दिवशीचे. सर्वांत खाली एक बासष्ट वर्षांची बाई.

दार वाजलं. जमिलाबाई आत आली होती. तिला वाचता येत नव्हतं. ती टेबलापाशी आली, रजिस्टरकडे बघितलं, मग दोघांच्या चेहऱ्यांकडे. तिने बोट टेकवत टेकवत पेन्सिलीच्या खुणा वरपासून खालपर्यंत मोजल्या.

"सतरा," ती म्हणाली. "हा आपला एक तालुका. बाकीच्या तालुक्यांत हे कोणी मोजू राहिलंय का, मॅडम?"